परिशिष्ट ‘ग’ आणि अकरा माणसांचा फरक

मी ऑडिटची बाई. ग्वाल्हेरच्या एजी, म्हणजे महालेखाकारांच्या, ऑफिसात ३२ वर्षं दुसऱ्यांच्या हिशेबात लाल पेन्सिल फिरवली, रिटायर झाले तेव्हा वाटलं आता आकडे संपले, सकाळी भाजी निवडायची, दुपारी झोपायचं. ते काही झालं नाही, कारण आमच्या गल्लीत, शहराच्या लष्कर भागात जनकगंजच्या मागच्या बाजूला, मेजरकाका राहतात. माझ्या सासऱ्यांचे दोस्त, वय ७९, आवाज अजून परेड ग्राउंडचा. एक दिवस पोह्यांच्या वेळेला चार फायली काखेत मारून आले आणि म्हणाले, "सूनबाई, एवढी टोटल मारून दे गं, अर्ध्या तासाचं काम आहे." त्या अर्ध्या तासाचे १४ महिने झाले.

प्रकरण असं होतं. काका ज्या पलटणीतून रिटायर झाले तिची अधिकृत हिस्टरी निघणार होती, आणि ती पलटण मुळात संस्थानी फौजेतली. शिंदे सरकारची फौज, होळकरांची फौज, या सगळ्या स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्यात विलीन झाल्या, चौथी ग्वाल्हेर इन्फंट्री १४ कुमाऊं झाली, इंदूरची १५ कुमाऊं झाली, हे इकडच्या जुन्या घरांत अजून लोकांना माहीत असतं. काकांच्या पलटणीचं नाव मी मुद्दाम घेत नाही कारण हिस्टरीच्या कमिटीतली भांडणंही सांगायचीत. तर पुस्तकाच्या शेवटी परिशिष्ट ‘ग’ होतं, पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत किती माणसं गेली त्याचा तक्ता. एक पान फक्त. बाकी ३०० पानं काका आणि त्यांच्या मित्रांनी लिहून ठेवली होती, हे एक पान अडलं होतं.

अडलं कारण कागद तीन आणि आकडे तीन. पहिला कागद म्हणजे वॉर डायरी, पलटणीची युद्धातली रोजची नोंदवही, लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ९५ नावाच्या मालिकेत असतात त्या, त्याचे स्कॅन काकांच्या नातवाने आणून दिले होते. दुसरा दरबारचा, म्हणजे संस्थान सरकारचा, कागद, मेलेल्यांच्या घरच्यांना काय दिलं त्याची यादी. आणि तिसरी युद्धस्मारकाची, म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी. दरबारची यादी डायरीपेक्षा ११ माणसांनी मोठी. स्मारकाची यादी दोघांपेक्षा लहान, आणि तिच्यात दोन-तीन नावं अशी की जी बाकी दोन्हींत नाहीतच.

कमिटीतल्या एका साहेबांनी उपाय सुचवला होता की तिन्हींचं ॲव्हरेज काढा. मी हसले नाही, पण पोहे जरा जोरात ढवळले.

आता मूळ घोळ कुठे होतो ते सांगते, तो पलटणीपुरता नाही, सगळीकडचा आहे. इंग्रजी कागदात शब्द असतो ‘कॅज्युअल्टी’. त्यात ठार, जखमी, बेपत्ता, कैदी सगळे आले, थोडक्यात ज्याला दुसऱ्या दिवशी हजेरीत उभं करता येणार नाही तो प्रत्येक माणूस. आपल्याकडे त्याचं ‘हताहत’ करतात, ते तरी ठीक आहे, हत आणि आहत दोन्ही आले, पण पुढच्या माणसापर्यंत जाईतो त्याचं ‘शहीद’ होतं. काकांच्या फायलीत एक जुनं कात्रण होतं, त्यात पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानचे एक लाख एकवीस हजार सैनिक कामी आले असं छापलेलं. तो आकडा हवेतून आलेला नाही. त्या काळच्या सरकारी तक्त्यात हिंदुस्थानच्या खात्यावर ५३,४८६ मृत, ६४,३५० जखमी आणि ३,७६२ बेपत्ता व कैदी आहेत, बेरीज करा, १,२१,५९८ येते. म्हणजे बेरीज अगदी बरोबर आणि वाक्य साफ चूक, निम्म्याहून जास्त माणसं छापणाऱ्याने मारून टाकलीत ज्यातली बरीचशी बिचारी लंगडत का होईना घरी आली होती.

आणि गंमत म्हणजे ५३,४८६ हा पण शेवटचा शब्द नाही. वॉर ग्रेव्हज कमिशनच्या हिशेबात अविभाजित हिंदुस्थानचे पहिल्या महायुद्धातले मृत ७४,१८७ आहेत. फरक २०,७०१. एवढी माणसं कुठून आली? तर कमिशनचं खातं ४ ऑगस्ट १९१४ ला उघडतं आणि ३१ ऑगस्ट १९२१ ला बंद होतं, त्या मुदतीत नोकरीत असताना जो गेला तो त्यांचा, मग गोळीने गेला काय, न्यूमोनियाने गेला काय, घोड्याच्या लाथेने गेला काय. आणि नोकरीतून सुटल्यावर गेला तर मात्र नोकरीमुळेच गेला हे दिसावं लागतं. खात्याची तारीख बदलली की शिल्लक बदलते, यात कोणी खोटं बोललं असं नाही, हे ऑडिटवाल्याला सांगावं लागत नाही पण मेजरला सांगावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धाचं तर आणखी. युद्ध संपल्यावरच्या सरकारी आकड्यांत भारतीय सैन्याचे ठार २४,३३८, बेपत्ता ११,७५४, जखमी ६४,३५४, कैदी ७९,४८९. आणि स्मारकांचा हिशेब बघितला तर मृत ८७,००० च्या वर. साडेतीन पट! ठारमध्ये सगळे बेपत्ता टाकले तरी ३६,०९२ च्या पुढे जात नाही. बाकीचे मलेरियात, आमांशात, अपघातात, जपान्यांच्या कैदेत गेलेले, आणि मुदत १९४७ च्या ३१ डिसेंबरपर्यंत. (त्या युद्धाचा अधिकृत इतिहास बिशेश्वर प्रसादांच्या संपादनाखाली भारत आणि पाकिस्तानने मिळून काढला, फाळणी झाली, फौज वाटली, खजिना वाटला, टेबलखुर्च्या वाटल्या पण इतिहासाचा विभाग दोघांचा एकच राहिला. मला ही गोष्ट फार आवडते, विषयाला सोडून आहे पण असू दे.)

काका म्हणाले, आमच्याकडे आजसुद्धा दोन खाती आहेत, बॅटल कॅज्युअल्टी म्हणजे लढाईतली वेगळी आणि फिजिकल कॅज्युअल्टी म्हणजे आजार-अपघातातली वेगळी, आणि माणूस कुठल्या खात्यात पडला यावर घरच्यांना काय मिळतं ते ठरतं. म्हटलं बरोबर, म्हणूनच जिथे पैसा येतो तिथे व्याख्या ओढली जाते, कधी इकडे कधी तिकडे. ‘बेपत्ता’चंही तसंच. १९६२ ला आपले ठार १,३८३, बेपत्ता १,६९६ आणि कैदी ३,९६८ असे सरकारी आकडे आहेत. लोक पहिले दोन मिळवतात आणि ३,००० च्या वर शहीद म्हणून मोकळे होतात. असतीलही बहुतेक, बर्फातून परत कोण येणार, पण ज्या दिवशी आकडा लिहिला त्या दिवशी ते ‘बेपत्ता’ होते, आणि कोण कधी ‘मृत’ मानला गेला ही वेगळी नोंद असते, तिची तारीख वेगळी असते. दोन्ही कागदांतून एकच माणूस उचलला की तो दोनदा मरतो.

तर मी पहिलं काम हे केलं की टोटल बंद. वरून खाली यायचं नाही, खालून वर जायचं. एक माणूस एक ओळ, एक्सेलमध्ये, आणि ओळीला नाव नसेल तर ओळच नाही. ऑफिसात याला आम्ही मिलान म्हणायचो, तुम्ही ताळमेळ म्हणत असाल. प्रत्येक ओळीपुढे नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, तारीख, कशाने गेला, कुठल्या कागदात आहे. आणि शेवटच्या रकान्यात ‘पक्का’ किंवा ‘कच्चा’. पक्का म्हणजे दोन स्वतंत्र कागद. स्वतंत्र या शब्दावर काकांशी दोन दिवस वाद झाला, कारण दरबारची यादी, तिच्यावरून केलेली पुढची एक छापील यादी, आणि त्या छापील यादीवरून नंतर कोणीतरी लिहिलेला लेख हे त्यांच्या मते तीन पुरावे होते. म्हटलं काका, एकाच व्हाउचरच्या तीन झेरॉक्स आहेत या, एक पेमेंट धरायचं की तीन?

वॉर डायरीने फार दमवलं. संस्थानी पलटणींबरोबर इंग्रज स्पेशल सर्व्हिस ऑफिसर दिलेले असायचे, लिहिणारे बहुधा तेच. कॉपिंग पेन्सिलीचं अक्षर, कागदाला पाणी लागलं की जांभळं पसरलेलं. आणि त्यात साहेब मेला तर नाव, गाव, हुद्दा, आपला माणूस मेला तर ‘२ आयओआर किल्ड’. आयओआर म्हणजे इंडियन अदर रँक्स. एका पानावर त्या ‘२’चा ‘३’ केलाय, वरूनच, आणि बाजूला काही नाही. मी ते पान मोठं करून करून बघितलं, तिसरा माणूस कोण ते पान काही सांगेना. हा प्रकार दगडातही आहे बरं, बसऱ्याच्या स्मारकावर पॅनेलवर अधिकाऱ्यांची नावं आणि हिंदी शिपायांचा नुसता आकडा. २०२१ ला कमिशनने स्वतःच अहवाल काढून माफी मागितली, त्यांच्या अंदाजात ४५,००० ते ५४,००० जणांची आठवण बाकीच्यांसारखी समान ठेवली गेली नाही, आणि निदान १,१६,००० लोक असे की ज्यांचं नाव कुठेच कोरलेलं नाही, कदाचित साडेतीन लाखांपर्यंतही. त्यात सगळ्यात मोठा खड्डा पूर्व आफ्रिकेचाच, तिथल्या हमालांचा. म्हणजे आपली स्मारकाची यादी लहान का, ते इथे कळलं.

आता ते ११.

पाच जण फटाफट निघाले. दोन भिश्ती, एक धोबी, दोन स्वयंपाकी. फौजेच्या भाषेत फॉलोअर. दरबारने त्यांच्या बायकांना पैसे दिले म्हणून दरबारच्या यादीत आहेत, डायरीवाल्या साहेबाने ते शिपाई नाहीत म्हणून मोजलेच नाहीत. पूर्व आफ्रिकेत गोळीपेक्षा मलेरिया आणि आमांशाने कितीतरी पट माणसं गेली, आणि मलेरियाचा डास काही शिपाई आहे की धोबी हे विचारून चावत नाही.

एक माणूस दोनदा होता. रोमन लिपीत एकदा गणपतराव ‘जी ए एन’ने, एकदा ‘जी यू एन’ने. बापाचं नाव एकच, गाव एकच, नुसता नंबर एका आकड्याने इकडचा तिकडे. कमिशनच्या रजिस्टरात बऱ्याच हिंदी सैनिकांपुढे अमक्याचा मुलगा, राहणार तमकं गाव असं लिहिलेलं असतं, त्या एका ओळीने वाचवलं, नाहीतर आमचे गणपतराव दोनदा गेले असते.

दोन जण संवताचे. दरबारचं हिशेबी वर्ष विक्रम संवताचं, जुलै ते जून चालायचं, संवत १९७१ म्हणजे १९१४–१५. कोणीतरी आधीच्या संपादकाने ५७ वजा करून सरळ १९१४ लिहून टाकलं होतं आणि तिथून हे दोघे आफ्रिकेच्या पहिल्या लढाईत घातले होते. दोघेही खरं तर मुरारच्या छावणीत तापाने गेलेले, बोटीवर चढलेच नव्हते. युद्धाच्या काळात नोकरीत गेले, म्हणून मृतांत धरायचे, पण मोहिमेच्या तक्त्यात नाही. वेगळी ओळ, वेगळी टीप.

एक बेपत्ता. डायरीत ‘मिसिंग’, दरबारच्या यादीत वर्षभराने मृत, बायकोला पेन्शन सुरू. इथे मला स्वतःलाच आवरावं लागलं, कारण माझा कल असा की पैसे सुटले म्हणजे कोणीतरी खात्री केली असणार. पण पेन्शनचा कागद एवढंच सांगतो की सरकारने त्याला मेलेला मानलं. आणि उलटी बाजू ही की ज्यांना मागे वारसच नव्हता ते पेन्शनच्या कागदात येणारच नाहीत, आणि बायकोने दुसरं लग्न केलं की तीही त्या कागदातून गायब, म्हणजे पेन्शनवरून मोजलं तर सडेफटिंग माणूस कधी मरतच नाही. हा गडी ‘बेपत्ता, मृत मानलेला’ या रकान्यात गेला.

राहिले दोन. दोन्ही नावं सहीसही आमच्या पलटणीच्या नामावलीतली, आणि दोन्ही १९१७ नंतर नामावलीतून गुल. मेले, सुटले, पळाले, काही कळेना.

कमिटीची बैठक काकांच्या व्हरांड्यात झाली. एका साहेबांना फॉलोअर नको होते, "हिस्टरी पलटणीची आहे, किचनची नाही" असं म्हणाले, आणि त्यावर काका, जे माझ्याशी दोन दिवस भांडले होते, असे उसळले की समोसे गार झाले. दुसरे साहेब उलट, सगळेच्या सगळे घ्या, दोन संशयित पण घ्या, शिलालेखावर मोठा आकडा बरा दिसतो. मी म्हटलं, आकडा तीन ठिकाणी लिहूया. लढाईत किंवा जखमांनी गेलेले, आजार आणि अपघाताने गेलेले, फॉलोअर, अशी तीन पोटबेरजा. जखमींत फक्त तेच जे जगले, म्हणजे नोव्हेंबरात जखमी आणि डिसेंबरात हॉस्पिटल शिपवर गेलेला माणूस दोन्हीकडे यायला नको. खाली मुदत लिहायची कुठपासून कुठपर्यंत. आणि दोन कच्च्या नावांपुढे फुली, टीप द्यायची की एकाच कागदावरून घेतलंय. शिलालेखावर पक्का आकडा आणि ‘निदान’ हा शब्द. ‘निदान’ दगडात कोरायचा म्हणजे काय, यावर अर्धा तास गेला. शेवटी शिलालेखाचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला, तो अजून तिथेच आहे. पुस्तक मात्र तसंच छापलं.

फुलीवाल्या दोघांतल्या एकाचं घर सापडलं होतं, दाल बाजाराकडे. काका आणि मी छपाईच्या आधी जाऊन आलो होतो. पणतसून म्हणाल्या, बसा, आणि आतून काशाच्या थाळीसारखं एक काढून आणलं, हाताच्या पंजाएवढं, काळं पडलेलं, त्यावर सिंह आणि बाई, कडेला इंग्रजी अक्षरं. मेलेल्याच्या घरी ब्रिटिश सरकार पाठवायचं ते पदक, इंग्रज शिपाई त्याला मेलेल्याचा पैसा म्हणायचे. त्यांच्याकडे ते लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून होतं बरीच वर्षं, कडेला मिठाने खाल्लेलं. काकांनी ते हातात घेतलं आणि उभे राहिले. मी मात्र चष्मा लावून नाव वाचलं. नाव बरोबर. पण त्या पदकावर हुद्दा नसतो, नंबर नसतो, पलटण नसते, साहेब आणि शिपाई सारखेच दिसावेत म्हणून मुद्दाम नुसतं नाव. भावना चांगली आहे पण मिलानाला काही उपयोग नाही. या नावाचा कोणीतरी गेला एवढंच सिद्ध झालं. तरी काकांच्या आग्रहाने नाव ठेवलं, फुलीसकट, आणि बाईंना पुस्तकाची एक प्रत नेऊन दिली, त्यांनी ती देवघरात ठेवली.

दिवाळीच्या साफसफाईत त्यांचा फोन आला. गणपतीच्या तसबिरीची काच फुटली, मागचा पुठ्ठा काढला तर आत घडी केलेला कागद आहे, इंग्रजीत, वर राजाचं चिन्ह. मी तशीच रिक्षा केली. पदकाबरोबर एक मानपत्र यायचं आणि त्यावर खाली हुद्दा आणि पलटण हाताने लिहिलेली असायची, लाल शाईने. इथे लाल उडून विटकरी झालं होतं पण वाचता आलं. हुद्दा ड्रायव्हर. पलटण आमची नाही, ग्वाल्हेर ट्रान्सपोर्ट कोअर. खेचरगाडीवाला होता. म्हणजे दरबारच्या यादीतलं नाव याचं. आमच्या नामावलीतला माणूस दुसराच, नुसता नावभाऊ, त्याचं काय झालं ते अजून कच्चंच, पण त्याला मेलेला म्हणायला आता एकही कागद उरला नाही.

"म्हणजे कमी करायचा?" काका म्हणाले. हो, म्हटलं, एक कमी. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अगं पण तो गेला तर होता ना." गेला होता काका, पण आपल्या खात्यातून नाही. त्याच्या कोअरचं पुस्तक कोण काढतंय? ते म्हणाले, कोणी नाही.

शुद्धिपत्राची चार ओळींची पट्टी दौलतगंजच्या प्रेसमधून छापून आणली. डिंक मीच नेला होता. उरलेल्या सगळ्या प्रतींत ती परिशिष्ट ‘ग’ वर चिकटवत आम्ही दोघं व्हरांड्यात बसलो होतो, आणि शेवटची पट्टी काकांनी चिकटवली नाही, खिशात ठेवली, म्हणाले दाल बाजारची प्रत राहिली आहे, तिथे मी स्वतः जाईन, तू येऊ नकोस.